हत्तीची चाबी

माझ्या साडभाऊचं काचेचं कपाट अकोल्यात आहे आणि मी अमरावतीत राहतो, तरी त्या कपाटाच्या कुठल्या फळीवर काय ठेवलंय हे मला तोंडपाठ आहे. वरच्या फळीवर डफ वाजवणारं पत्र्याचं माकड, दाणे टिपणारी कोंबडी आणि पाण्यात फिरणारी बोट. मधल्या फळीवर रुळांसकट आगगाडी. खाली नटबोल्टची क्रेन, तिची दोरी अजून मूळची. प्रत्येक खेळण्यावर एक बारका दिवा सोडलाय आणि कपाट बरोबर सोफ्याच्या समोर आहे, म्हणजे आलेल्या पाहुण्याला दुसरीकडे बघायची सोयच नाही. मला या कपाटाचा हेवा वाटतो. सरळच सांगतो, कारण आडून सांगितलं तरी माझ्या तोंडावर ते दिसतंच, असं बायको म्हणते.

साडभाऊ म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा. वयानं माझ्याहून लहान, टाइल्सचं दुकान चांगलं चालतं, बोलायला गोड. मी तंत्रनिकेतनात मुलांना वर्कशॉप शिकवून निवृत्त झालो. चावीच्या खेळण्यांचा नाद आधी मला लागला, मग त्याला. आमच्या मागच्या पडवीत माझं टेबल आहे. इतवाऱ्यातल्या भंगारातून मोडकी खेळणी आणायची, खोलायची, चाकं-स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुवायच्या, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब देऊन पुन्हा जोडायच्या, हा माझा दिवसाचा उद्योग. सुटे भाग मी बायकोच्या जुन्या मसाल्याच्या डब्यात ठेवतो. आधी निघालेला भाग पहिल्या वाटीत, नंतरचा दुसऱ्या वाटीत, म्हणजे जोडताना उलट्या क्रमानं हात जातो. कितीही धुतला तरी डब्याला हळदीचा वास येतोच. मी दुरुस्त केलेली खेळणी त्या टेबलाखाली खोक्यांत पडून असतात. घरी येणारा माणूस ती बघायला मागत नाही आणि मीही दाखवत नाही. सोफ्यासमोर कपाट करायचा विषय एकदा काढला होता, तेव्हा बायकोनं सोफ्यासमोर टीव्ही असतो एवढंच सांगितलं.

साडभाऊ खेळणी खोलत नाही. तो विकत घेतो, पुसतो, दिव्याखाली ठेवतो आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे व्हिडिओ टाकतो. पाठीमागे सनई लावतो. खाली अंगठे आणि हार्टं येऊ लागतात. माझी बायकोसुद्धा अंगठा देते. मी तिला विचारलं, तू कावून अंगठा देते? तर म्हणाली, लहान बहिणीचा नवरा हाय, बरं दिसते. मी बिघडलेली बोट चालती केली आणि तिचा व्हिडिओ टाकला, तर त्याच्याखाली मेव्हणीनं लिहिलं, "भाऊजी, मागची भिंत रंगवून घ्या." मग मी टाकणं सोडून दिलं.

त्या कपाटात एक वस्तू मात्र विकत घेतलेली नाही. मधल्या फळीच्या कोपऱ्यात लाकडाचा बैल आहे, चाकांवरचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा तान्हा पोळा भरतो, त्यात ओढायचा. हा बैल माझ्या बायकोचा, शेंदूरजनाघाटच्या माहेरातला. मेव्हणीनं स्वतःच्या लग्नात तो मागितला आणि माझ्या सासऱ्यांनी देऊन टाकला. बैलाच्या गळ्यात लाल-पिवळ्या मण्यांची माळ, आणि माळेत पितळेची एक दातेरी चकती. साडभाऊ पाहुण्यांना सांगतो की ते सूर्यचक्र आहे, जुन्या कारागिरांचं. एकदा तर त्यानं त्या चकतीचा जवळून काढलेला फोटो टाकला होता, खाली नमस्काराचे हात जोडून. मी मनातल्या मनात चडफडलो आणि फोटो जपून ठेवला. का ठेवला ते मला सांगता येणार नाही. ज्याचा हेवा वाटतो, त्याचं बारीकसारीक माणूस सांभाळून ठेवत असावा.

मागच्या अधिक महिन्यात सासऱ्यांनी दोन्ही जावयांना धोंड्याला बोलावलं. सासूबाई नाहीत, त्यामुळे जावयांच्या मानाचे अनारसे आमच्या बायकांनीच तळले आणि आम्ही पाटावर बसून मान घेतला. चांदीचं निरांजन दोघांना सारखंच मिळालं. मी हातानं तोलून पाहिलं, साडभाऊचंही तेवढंच भरलं असावं. मग सासऱ्यांनी आतून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

तो पत्र्याचा हत्ती होता. तीनचाकी सायकलवर बसलेला, अंगावर लाल झूल रंगवलेली, सोंडेत घंटा. सासऱ्यांचे वडील संत्र्यांच्या मालाबरोबर कलकत्त्याला जात. एका खेपेला रिकाम्या पेटीतल्या तणसात घालून त्यांनी तो मुलासाठी आणला. सासरे त्याच्याशी खेळले, पुढे त्यांच्या दोन मुली खेळल्या, आणि एक दिवस तो बंद पडला. तेव्हापासून तो फडताळात होता.

"चाबी देल्ली का आतून घर्रर्र करते, पण जागचा हालत नाई," सासरे म्हणाले. "मले तो येक डाव चालताना पाह्यचा हाय. डोळ्यात मोतीबिंदू पिकून राह्यला, डागदर म्हणते ऑपरेशन जमन का नाई सांगता येत नाई. तुमा दोघायले नाद हाय. करा काई."

मी हात पुढे करणार तोच साडभाऊ बोलला, "आधी मोठ्यायचा मान. भाऊ, तुमी न्या. नाईच जमलं तं मी पाह्यतो."

नाही जमलं तर! सगळ्यांच्या देखत मोठेपणा घ्यायचा आणि वर मला नापास करून ठेवायचं. मी हत्ती उचलला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी इथंच जमायचं, तोवर हत्ती चालता करायचा, असं ठरलं. जमलं नाही तर तो अकोल्याला, काचेच्या कपाटात, दिव्याखाली जाणार हे कुणी बोललं नाही, पण मला ऐकू आलं.

पत्र्याची खेळणी स्क्रूनं जोडलेली नसतात. हत्तीच्या अंगाचे दोन अर्धे भाग, एका भागाला बारीक जिभा, त्यांना आम्ही कान म्हणतो. कान दुसऱ्या भागाच्या खाचेतून बाहेर काढून वाकवले की अंग बंद. उघडायचं तर कान सरळ करायचे. पण पत्रा आहे तो. एकदा उघडला आणि मिटला तर चालतो, दुसऱ्यांदा चिडतो, तिसऱ्यांदा तुटून हातात येतो. म्हणून खोलण्याआधी मी भिंग लावून कान बघतो.

हत्तीचे कान कुणीतरी आधीच एकदा उघडलेले होते. वाकलेल्या जागी रंग उडून बारीक पांढरी रेघ आली होती आणि शेजारी धारदार पात्याचा ओरखडा होता. सासरे तर म्हणाले होते, याला कुणीच हात लावला नाही. माझ्या डोक्यात एकच नाव आलं. मागच्या दिवाळीला साडभाऊ चार दिवस शेंदूरजनाघाटला राहिला होता. त्यानं गुपचूप उघडून पाहिला असेल, जमला नसेल, म्हणून मोठ्यांचा मान! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोला हाक मारून मी ती रेघ दाखवली आणि साडभाऊला काय काय बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. ती भिंगातून बघत राहिली. "तो नसन," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी कान उघडले. एक एक करून, चिमट्यात कापड धरून. आता हे कान फक्त एकदा मिटायचे होते, मग हत्ती कायमचा बंद. आतली स्प्रिंग उत्तम होती, गंजसुद्धा नव्हता. घोटाळा मधल्या जागी होता. स्प्रिंगचा जोर मागच्या चाकाला पोचवणारं एक दातेरी चाक असतं, ते नव्हतं. त्याची दांडी रिकामी होती. म्हणून स्प्रिंग एकटीच घर्रर्र करून मोकळी व्हायची.

दुसरं चाक बसवायचं म्हणून मी दोन जुनी अलार्म घड्याळं फोडली. एक चाक आकारानं बरोबर बसलं, पण दात जुळेनात. फिरवलं की कडकड वाजायचं. कानशीनं घासून पाहिलं तर सैल झालं. सासऱ्यांचा फोन यायचा, "जवाईबुवा, काई झालं का?" आणि मी म्हणायचो, "होऊन राह्यलं." साडभाऊचाही यायचा. "भाऊ, घाई नका करू. पत्रा नाजूक असते." जणू मला माहीत नव्हतं.

एका दुपारी दातांची जाडी मोजत असताना मला वाटलं, हे दात मी कुठंतरी पाहिलेत. जाड, थोडे तिरपे, बुंध्याशी गोल. मी मोबाइल काढला, तो जपून ठेवलेला फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. बैलाच्या गळ्यातलं सूर्यचक्र. हत्तीच्या पोटातल्या शेजारच्या चाकाचे दात आणि ते दात अगदी एक होते. साडभाऊनं तो फोटो दिमाखात टाकला नसता आणि मी जळून तो ठेवला नसता, तर हे कधीच कळलं नसतं.

बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी फोटो तिच्यापुढे धरला.

"हे हत्तीचं चाक हाय. तुया बैलाच्या गळ्यात कसं गेलं?"

तिनं मान वर केली नाही. "म्याच काढलं होतं," म्हणाली. "बाबाच्या कलमाच्या चाकूनं. शाळेत होती मी तवा."

"कावून?"

"बाबा चाबी रोज लहानीच्या हाती देत. ती रडे ना, म्हणून. मी म्हटलं, माया नंबर? तं म्हणत, तू मोठी हायस, समजदार हायस." तिनं एक काडी मोडून बाजूला टाकली. "मंग म्या म्हटलं, कोनाचाच नंबर नको. चाक काढलं आन् लपवाले जागा सापडे ना, तं बैलाच्या माळेत ओवलं. साऱ्यायनं म्हटलं, वा, बैल काय छान सजवला. मंग तो बैलबी लहानीलेच देल्ला."

इतकी वर्षं घरात हेवा करणारा मी एकटाच आहे असं मी समजत होतो आणि ती मला बोलून दाखवायची. हिचा हेवा माझ्यापेक्षा जुना निघाला, आणि हातही जास्त साफ. त्या वयात तिनं सगळे कान न तोडता उघडले, चाकाची पिन काढली आणि पुन्हा असे मिटले की बापाला संशय आला नाही. मला त्याचाही थोडा हेवा वाटला.

"बाबाले सांगू नका," ती म्हणाली. "लहानीलेबी नाई. चाक मी आणतो, तुमी बसवा."

आता पंचाईत अशी होती की चाक साडभाऊच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. बैल मागितला तर तो विचारणार कशाला. सांगितलं तर चाक त्याच्याकडचं, म्हणजे हत्ती चालला तो त्याच्यामुळे. सनई लावून व्हिडिओ येणार. मी बायकोला ही भीती सांगितली. ती म्हणाली, "तुमाले व्हिडिओचंच पडलं." मग तिनं माझ्या टेबलावरचं अलार्म घड्याळाचं चाक उचललं, चिंच लावून घासलं आणि पर्समध्ये टाकलं.

अकोल्यात मी सोफ्यावर बसलो. कूलरचा झोत नेमका माझ्यावर होता आणि समोर ते कपाट. बायको चहा घेऊन झाल्यावर कपाटाशी गेली आणि बहिणीला म्हणाली, "लहाने, बैलाच्या माळेचा दोरा पाह्य कसा सडला. मणी सांडतीन ना येक दिवस. दे इकडं, तान्हा पोळा आला, मी नवीन ओवून देतो." साडभाऊनं लगेच किल्ली काढली. काय तत्परता! बायको जमिनीवर बसली, मणी ताटात काढले आणि बहिणीशी लोणच्याच्या गप्पा मारत माळ ओवली. त्या मधल्या वेळात साडभाऊ मला नवीन घेतलेला बेडूक दाखवत होता. बेडूक उत्तम होता, मला उचलावासा वाटला. पण माझं अर्धं लक्ष ताटाकडे. चाक कधी बदललं ते मला दिसलंसुद्धा नाही.

आम्ही एसटीत बसून मूर्तिजापूरच्या पुढे गेलो तोवर ग्रुपवर फोटो आला होता. नवीन माळेतलं सूर्यचक्र, आता जास्त चमकदार. खाली नमस्काराचे हात. मी पहिल्यांदा मनापासून अंगठा दिला.

चाक दांडीवर बसवलं आणि बोटानं फिरवलं तेव्हा काहीच आवाज आला नाही. दात दातात गेले आणि मागचं चाक हळूच वळलं. मी आधी तेल दिलं, चावी देऊन अंग न मिटताच चालवून पाहिलं, मग कान मिटले. शेवटचा कान मिटताना बायको दारात उभी होती. तो तुटला नाही. मी तिला म्हटलं, "तू देतं का चाबी? पाह्य चालवून." ती म्हणाली, "इथं नाई."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शेंदूरजनाघाटच्या घरात आम्ही सगळे जमलो. बाहेर रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत होती. मेव्हणीनं आपला बैल आणला होता, माझ्या अलार्मचं चाक गळ्यात घालून, आणि शेजारणी त्याचं कौतुक करत होत्या. मी हत्ती बैठकीच्या मधोमध फरशीवर ठेवला. सासरे खुर्ची पुढे ओढून, जाड भिंगाचा चष्मा लावून वाकून बसले. हत्तीचा लाल रंग तेवढा त्यांना दिसत होता.

"मधलं चाक नवतंच त्याच्यात," मी म्हणालो.

"मंग?" सासऱ्यांनी विचारलं.

"बसवलं."

"तुमी हातानं केलं?" साडभाऊ एकदम पुढे झाला. "भाऊ, पितळंचं चाक? दातासकट? कशानं पाडले?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसता हसलो. साडभाऊच्या तोंडावरचा रंग बदलला. गोड हसू होतं, पण त्याच्याखाली जे होतं ते मी ओळखलं, मी रोज दाढी करताना ते बघतो. इतक्या वर्षांत मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. हा क्षण थोडा लांबावा म्हणून मी चावी शेजारी फडक्यावर ठेवली आणि सदऱ्याच्या बाहीनं हत्तीची पाठ पुसत बसलो; बायको ताटं घेऊन आमच्यामधून ये-जा करत होती.

"काय हात हाय जवाईबुवाचा!" सासरे म्हणाले. मग त्यांनी मान वळवली, डोळे बारीक केले आणि सवयीनं हाक मारली, "लहाने, ये व बेटा. चाबी दे त्याले."

मेव्हणी लगेच उठली. पन्नाशीची बाई, पण धावत आली आणि फरशीवर मांडी घालून बसली. मी बायकोकडे पाहिलं. ती दारात पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होती. तिच्या तोंडावर काहीही नव्हतं. एवढं काहीही नसलेलं तोंड मी तिचं कधी पाहिलं नाही.

"चाबी कुठी हाय?" मेव्हणीनं विचारलं.

मी हत्तीशेजारी पाहिलं. चावी मी तिथंच ठेवली होती, फडक्यावर. फडकं होतं, चावी नव्हती. साडभाऊनं सोफ्याखाली पाहिलं. मेव्हणीनं सतरंजी उचलली. सासरे खुर्चीतून हात लांब करून फरशी चाचपू लागले. मी उठताना माझी नजर बायकोच्या हातांवर गेली. ताट तिनं एका हातावर तोलून धरलं होतं. दुसऱ्या हाताची मूठ पदरात होती, घट्ट, आणि बोटांच्या फटीतून पितळेचं टोक दिसत होतं.

मी गुडघ्यांवर बसलो आणि दिवाणाखाली डोकं घातलं. "इथं तं दिसत नाई," म्हणालो. "साडभाऊ, जरा टॉर्च आना." त्यानं टॉर्च आणला. आम्ही दोघं दिवाणाखाली, कपाटामागे, चपलांच्या ढिगात शोधत राहिलो. माझ्या पँटचे गुडघे धुळीनं भरले. साडभाऊ खरंच शोधत होता, याचं मला वाईट वाटलं नाही.

"सापडली," बायको म्हणाली.

ताट तिनं मेव्हणीच्या हातात दिलं. मेव्हणीला ते धरायला उठावं लागलं. बायको तिच्या जागी बसली, हत्ती उचलून मांडीवर घेतला आणि चावी दिली. सावकाश, प्रत्येक फेऱ्याला थांबून. मग फरशीवर सोडला. हत्तीनं पायडल मारलं, सोंड वर केली, घंटा टिंग करून वाजली, आणि तो डुलत डुलत थेट सासऱ्यांच्या खुर्चीकडे गेला. तो पायाच्या अंगठ्याला येऊन लागेपर्यंत सासरे त्याच्याकडे बघत होते. मग दोन्ही हातांनी मांडीवर थापा मारत म्हणाले, "चालला रे! चालला!" त्यांच्या चष्म्याखालून पाणी आलं. कोण चावी देतंय हे त्यांना दिसलं नसावं.

मेव्हणीनं ताट साडभाऊकडे दिलं आणि हात पुढे केला. "ताई, दे. आता मी."

बायकोनं हत्ती उचलून पुन्हा मांडीवर घेतला होता आणि चावी भोकात बसवली होती.

"थांब व जराशी," ती म्हणाली. "माया नंबर सरला नाई अजून."

मेव्हणी थांबली. बहिणीकडे, मग बैलाकडे, मग पुन्हा बहिणीकडे तिनं पाहिलं, आणि गुमान बाजूला उभी राहिली. हत्ती पुन्हा सुटला, टिंग टिंग करत फरशीभर फिरला, आणि बायको हसत होती. ते हसू माझ्या हातच्या कुठल्याही कामानं तिच्या तोंडावर कधी आलं नव्हतं, याचा मला हेवा वाटला. मीही अजून तो असा मोकळ्या फरशीवर सोडून पाहिलेला नव्हता. मी गुडघे झटकले आणि मेव्हणीच्या मागं नंबर लावला.